मॅच : एका रूपातले दोन शब्द



आज मी एकच इंग्रजी शब्द घेऊन आलो आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे : मॅच. टीव्हीवर आपण मॅच पाहतो. साडीवर शोभेल असा ब्लाउजपीस हवा म्हणून मॅचिंग सेंटरची पायरी चढतो. मूत्रपिंड बदलायचे असेल, तर दात्याचे रुग्णाशी मॅच होते का, हे डॉक्टर तपासतात. आणि देवापुढे दिवा लावायला जी माचिस हातात घेतो, तीही 'मॅचेस'चेच रूप.

एखाद्या चांगल्या इंग्रजी कोशात हा शब्द काढा. तो तिथे दोनदा येतो, शेजारी बारीक १ आणि २ असे आकडे असतात. कोशकार त्यातून सांगत असतो : उच्चार एक, अक्षरे एक, पण कुळे दोन.

पहिला मॅच जुन्या इंग्रजीतला. त्याचा अर्थ जोडीदार, बरोबरीचा. बरोबरीचा म्हणजे समोर उभा राहू शकेल असा; म्हणून तो प्रतिस्पर्धी झाला आणि सोळाव्या शतकापर्यंत खुद्द लढतीलाच मॅच म्हणू लागले. आपल्या कुस्तीच्या मैदानात याहून वेगळे काय घडते? तिथे 'जोड' लावतात. जोड म्हणजे सोबतीही आणि तुल्यबळ विरोधकही. लग्नाची जोडी, रंगांची जुळणी आणि क्रिकेटचा सामना या एकाच कुळातल्या गोष्टी आहेत.

दुसरा मॅच फ्रेंचांकडून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याचा अर्थ दिव्याची वात. पुढे बंदुका आल्या. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी हळूहळू धुमसत ठेवायची, चाप ओढला की तिचे जळते टोक दारूवर टेकायचे. वातीसारखी जळते म्हणून ती दोरीही मॅच. मग चकमकीची ठिणगी धरून दिवा पेटवण्यासाठी टोकाला गंधक लावलेल्या काड्या वापरात आल्या; त्याही मॅच.

या काड्या घासून पेटत नव्हत्या. ते साधले इंग्लंडमधल्या स्टॉक्टन-ऑन-टीझ गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याला. ७ एप्रिल १८२७ ही त्याच्या वहीतल्या पहिल्या विक्रीची तारीख. दुमडलेल्या काचकागदात काडीचे टोक धरायचे आणि झटक्यात ओढायचे. त्याने पेटंट घेतले नाही. वस्तू नवी होती, पण लोकांनी तिला जुनेच नाव दिले. वात, दोरी, काडी : वस्तू बदलत गेल्या, पेटवण्याचे काम तेच राहिले आणि शब्द त्या कामाला धरून राहिला.

या शब्दाच्या मागे माणसांची दुःखेही आहेत. पुढच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस आला. त्याच्या वाफेने कामगारांचे जबडे सडत. लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींची तुटपुंजी मजुरी आणि त्यांना होणारे दंड यांवर ॲनी बेझंट यांनी जून १८८८ मध्ये लेख लिहिला. जुलैत सुमारे १,४०० स्त्रियांनी आणि मुलींनी संप केला आणि तो जिंकला. भारतात येण्यापूर्वीच्या, होमरूलच्या खूप आधीच्या या बेझंटबाईंची ओळख आपल्याकडे व्हायला हवी. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर ब्रिटनने बंदीचा कायदा केला तो मात्र १९०८ साली.

आता एक सावधगिरी. काडी पेटीच्या बाजूशी जुळते म्हणून तिचे नाव मॅच, अशी व्युत्पत्ती कोणालाही सुचेल. ऐकायला ती छान वाटते आणि ती साफ चूक आहे. पेटीच्या बाजूवर घासायची सुरक्षित काडी एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये तयार झाली. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

मराठीत तर मोह आणखी मोठा आहे. 'त्याला तोड नाही' यातली तोड म्हणजे पहिला मॅच. तोड्याच्या बंदुकीतला तोडा, ती जळती दोरी, म्हणजे दुसरा मॅच. दोन भाषांत अशी जोडी दिसली की मन लगेच नाते जुळवू पाहते. पण दिसण्यातले साम्य हा पुरावा नव्हे. हा शब्द कोणी, कधी, कोणत्या वस्तूसाठी वापरला, हे शोधावे लागते.

श्रोतेहो, व्युत्पत्ती हा शब्दांचा इतिहास आहे, आणि इतिहासाला लागतो तोच पुरावा तिलाही लागतो. शाळेतल्या मुलांना कोश पाहायला शिकवताना तो बारीक आकडा आधी दाखवा, अर्थ नंतर. प्रत्येक शब्दाला त्याचे कूळ विचारणारी मुले ऐकीव गोष्टींवर सहज विश्वास ठेवणार नाहीत.