माशी, मासा आणि भीमेचे पाणी

श्रोतेहो, गळाची काठी खांद्यावर टाकून नदीकडून येणाऱ्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, "काय गावलं का?" 'काही नाही' म्हटले की विचारणारा हसतो आणि याचा दिवस फुकट गेला असे मनाशी ठरवून वाटेला लागतो. वरवंडच्या थांब्यावर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे जरा सविस्तर उत्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते. ते आज देतो.

आधी माझा गळ तुम्हांला समजला पाहिजे. तुमच्या ओळखीच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, वर शिशाचा तुकडा बांधतात आणि त्या वजनावर दोरी पाण्यात जाते. माझ्या गळाला आमिषच नसते. लहानशा आकड्यावर कोंबड्याच्या मानेचे एखादे पीस रेशमी दोऱ्याने गुंडाळलेले असते. पाण्यावर उतरली तर माशी वाटावी, बुडाली तर पाणकिड्याची अळी वाटावी, एवढीच त्याची करामत. म्हणजे माशीने मासा धरायचा! आता या पिसाला वजन कुठले? ते लांब जाणार कसे? तर येथे वजन दोरीला असते. तुम्ही ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवता, तेव्हा दगड जड असतो आणि दोरी हलकी. येथे नेमके उलट. जड, टोकाकडे निमुळती होत गेलेली दोरी काठीने मागे फेकायची, ती हवेत पुरी सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे लोटायची. घाई केली की आसुडासारखा कडाका होतो आणि माशी तुटून उडून जाते.

ही विद्या विलायतेत वाढली. आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने गळाच्या छंदावर लिहिलेला ग्रंथ १६५३ साली लंडनला निघाला, तो अजून वाचला जातो. आपल्या नद्यांवर हा प्रयोग गोऱ्या अंमलदारांनी केला. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याचे हिंदुस्थानातल्या गळावरचे पुस्तक १८७३ चे. छंद साहेबाचा खरा, पण पाणी आपले आहे आणि मासाही आपला, तेव्हा त्यात संकोच करण्याचे कारण मला दिसत नाही.

तर गेल्या पौषातली गोष्ट. वरवंडहून उत्तरेला हातवळणच्या बाजूला भीमेवर गेलो होतो. त्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली होता. पाण्यावर धुके, पलीकडे उसाचे फड, अलीकडे हुरड्याला आलेली ज्वारी. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे बसवलेली असल्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबून तलावासारखे उभे होते आणि कडेला जलपर्णी दाटली होती. खालच्या अंगाला मात्र खडकांतून गुडघाभर पाणी खळाळत होते. मी तेथे उभा राहिलो. सकाळी नऊपासून दोरी मागे-पुढे चालली होती. धोबी पक्षी शेपटी हलवत दगडांवरून फिरत होते. एका खंड्याने माझ्यादेखत दोनदा सूर मारून दोनदा चिंगळ्या नेल्या. मला मात्र एक धक्का नाही, की साधी चाटही नाही.

दुपारी एक भोईमामा टायरच्या फुगवलेल्या नळीवर बसून जाळी काढीत आले. माझा उद्योग त्यांनी थोडा वेळ पाहिला.

"मास्तर, थंडीचं मासं बुडाला बसत्यात. अन् तुमची माशी वर नाचतीया."

"खरं आहे मामा. तुमच्या जाळ्यात काय आहे?"

"काय असायचं? चिलापी."

"आणि खडशी?"

मामा हसले. "खडशी आमच्या म्हाताऱ्यानं धरली आसंल. आमी न्हाई."

श्रोतेहो, एवढ्या संभाषणात माझ्या रिकाम्या दिवसाची दोन्ही कारणे आली आहेत. ती निरनिराळी आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

पहिले कारण थंडीचे. माशाचे रक्त आपल्यासारखे आतून तापलेले नसते. जेवढे पाणी गार, तेवढे त्याचे अंग गार. अंग गार पडले की पचन मंदावते, एकदा खाल्लेले फार वेळ पुरते आणि भूक लागत नाही. मग तो खोल डोहात, वाहत्या धारेच्या कडेला, बेताची हालचाल करीत राहतो. म्हणून पौष-माघात गळ टाकायचा तर दुपारी, ऊन उथळ पाण्यात मुरल्यावर. उन्हाने चिलटे उठतात, त्यांच्या मागे अळकुटासारखे लहान मासे वर येतात, क्वचित त्यांच्या मागे मोठाही. या कारणाने रिकामा हात परतलो तर त्याचे दुःख नाही. चैत्रात मासा परत वर येतो.

दुसरे कारण मामांच्या 'चिलापी' या शब्दात आहे. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणलेला. तो घाण पाण्यात, कमी प्राणवायूत, साचलेल्या डबक्यातही वाढतो. खडशीचे तसे नाही. खडशी म्हणजे ज्याला इंग्रज शिकारी महासीर म्हणत, तिला वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी लागते. पावसाळ्याच्या पुराला ती वर चढते आणि तेथे अंडी घालते.

आणि ही खडशी आपल्याच मुलखातून जगाला ठाऊक झाली! कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याकडे १८२४ पासून दख्खनच्या पाहणीचे काम होते. माणसे, पिके, पक्षी यांबरोबर त्याने मासेही तपासले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तान्तात छापून आला. त्याने एक फार चांगली गोष्ट केली. येथल्या लोकांच्या तोंडची नावेच माशांच्या शास्त्रीय नावांत घातली. 'खुद्री', 'कोलूस', 'नुकटा', 'अळकुटी' ही नावे त्यामुळे आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. त्यांतली 'खुद्री' म्हणजेच दख्खनची महासीर. तिचा ज्यावरून निर्णय झाला तो मासा पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रात मिळाला होता.

तीच मुळा-मुठा आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. मी उभा होतो ती जागा त्या संगमाच्या खालच्या अंगाला. वर जागोजाग बंधारे, त्यांच्या मध्ये बारीक आसांची नायलॉनची जाळी. खडशीने चढायचे कोठून आणि अंडी घालायची कोठे? लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात या माशाची पैदास सुरू केली. तेथली पिल्ले दूरदूरच्या जलाशयांत गेली, पार कावेरीतसुद्धा. जातीचा निर्वंश टळला हे उत्तम झाले. पण टाकीत मासा वाढवता येतो, नदी टाकीत वाढवता येत नाही. आणि परक्या नदीत सोडलेला मासा तेथल्या मूळच्या माशाला डोईजड होतो, हेही कावेरीवर दिसून आले आहे.

मग आपल्या गावची नदी थंडीने गप्प आहे की घाणीने, हे ओळखायचे कसे? गळाने ते कळत नाही. दगडाने कळते. खळाळत्या पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. खाली शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेली, पोटाच्या बाजूने कल्ले हलवणारी चपटी अळी दिसली, किंवा वाळूचे कण चिकटवून केलेले इवलेसे नळीसारखे घर दिसले, तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे असे समजा. नुसता काळा गाळ आणि त्यात वळवळणाऱ्या तांबड्या अळ्या दिसल्या तर पाणी बिघडलेले आहे. त्या अळ्यांचे रक्त आपल्यासारखे तांबडे असते, म्हणून त्या थोड्याशा प्राणवायूवर निभावतात. मी त्या दिवशी चार वाजता दोरी गुंडाळली आणि अकरा दगड उलटे केले. नऊंखाली तांबड्या अळ्या होत्या. बंधाऱ्याच्या अगदी तोंडाशी, जेथे पाणी आपटून फेसाळते तेथल्या दोन दगडांखाली वाळूची घरे होती. चांगल्या पाण्याचे किडे तेवढ्या दोन हात जागेत तग धरून आहेत! ते पाहून मला दिवसभरात पहिल्यांदा उत्साह वाटला.

शिक्षक बंधुभगिनींनो, येथे मी तुमच्याकडे वळतो. नदीकाठच्या शाळेला यासाठी एक वही आणि एक पांढरी ताटली एवढेच साहित्य लागते. दर महिन्याला एकच जागा, तेवढेच दगड. तारीख, पाणी गार की कोमट, वास, दगडाखाली काय, भोयांच्या जाळ्यात काय. 'काही नाही' असेल तर 'काही नाही' असेच लिहावे. त्या नोंदीची लाज वाटू देऊ नये, कारण पाच वर्षांनी वही उघडल्यावर त्याच नोंदी बोलतात. पौषातले 'काही नाही' चैत्रात भरून निघाले तर ती थंडी होती. चैत्रातही तेच असेल तर ग्रामसभेत ती वही घेऊन जावे. म्हाताऱ्या भोयांना वर्गात बोलावून त्यांच्याकडून माशांची नावे लिहून घ्यावीत, हेही सुचवतो. साइक्सने ती १८३९ पूर्वी लिहून घेतली. आपण ती अद्याप पुरती लिहून घेतलेली नाहीत.

फक्त सांभाळून. ऊस उभा असतो तोवर या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तेव्हा मुलांना उन्हे कलण्याच्या आत घरी पोचवावे. आणि बंधाऱ्याची दारे काढायच्या दिवसांत, पाटबंधाऱ्याच्या माणसाला विचारल्याशिवाय खालच्या अंगाच्या पात्रात कोणालाही उतरू देऊ नये.