घरगुती विद्युत् करवत : वापर आणि खबरदारी
(मिसरोद येथील भाषण)



मिसरोद स्थानकावरून धडधडत जाणारी गाडी आपण नित्य पाहता. तिच्यापुढे हात धरण्याचे धाडस कोणी करणार नाही. घरगुती विद्युत् करवतीचे सात इंची पाते मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते. म्हणजे त्याच्या दात्यांचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या घरात, त्या गाडीहूनही अधिक असतो. म्हणून खरी सावधगिरी बटन दाबण्यापूर्वीची होय.

लाकडातील खिळे आधी काढावेत. दोन्ही टोकांना आधार देऊन मधोमध कापल्यास चीर मिटते, पाते आवळले जाते आणि करवत उसळून अंगावर येते. यास्तव कापला जाणारा भाग मोकळा ठेवावा व स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नये. पात्यावरील झाकण बांधून ठेवणे किंवा ११,००० फेऱ्यांच्या ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते बसविणे, हे अपघातास आमंत्रण होय. डोळ्यांना संरक्षक चष्मा असावा. सैल बाह्या व ओढणी नसावी. पाते बदलताना प्लग काढावा.

दुर्दैवाने बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वेळेवर पोहोचल्यास बोट पुन्हा जोडले जाऊ शकते.

घरातील वडीलधाऱ्यांनी ही शिस्त पाळली, तर मुलेही तीच शिकतील.