डिस्नेलँडची रांग आणि कुटुंबाची सुट्टी

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी हा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एक-दोघांना हसू आले. या व्यासपीठावरून डिस्नेलँडवर काय बोलायचे, असे त्यांना वाटले असावे. परंतु हा प्रश्न आता आपल्याच घरांत येऊन बसलेला आहे. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल. ‘आई-बाबा, या उन्हाळ्यात तुम्ही आलात की आपण सगळे मिळून ऑर्लँडोला जाऊ, मुलांना केव्हाचे कबूल केले आहे,’ हे वाक्य तुम्ही फोनवर ऐकलेले असेल. मागाहून खर्चाचा आकडा कानांवर येतो आणि आजोबांची झोप उडते. एवढे पैसे घालून जाण्यासारखे तेथे खरोखरच काही आहे काय, असे गेल्या वर्षभरात मला तिघांनी विचारले. त्या तिघांना रस्त्यात उभ्या उभ्या देता आले नाही ते उत्तर आज सविस्तर देतो.

प्रथम एक सोपी वाट मी बंद करू इच्छितो. ‘चंगळवाद’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पुष्कळांचे विचार करण्याचे काम संपते. गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसून किंचाळणाऱ्या शेतमजुराच्या पोराला आपण चंगळवादी म्हणत नाही. मग वर्षभर राबून आपल्या लेकरांना चार दिवस मौज दाखवू पाहणाऱ्या अमेरिकेतील बसचालकाला किंवा परिचारिकेला, अथवा तेथे नोकरी करणाऱ्या आपल्याच मुलीला, तो शब्द लावण्याचा आपल्याला काय अधिकार? करमणूक ही माणसाची गरज आहे. ती कोणाला, कोणत्या अटींवर आणि केवढ्या किमतीला मिळते, एवढेच पाहायचे.

या उद्यानांच्या मुळाशी असलेली कल्पना चांगली होती, हेही मान्य केले पाहिजे. वॉल्ट डिस्ने याने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना घेऊन जाई. मुली फिरत्या लाकडी घोड्यांवर बसत आणि हा बाकावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत राही. आईबाप आणि मुले यांना एकत्र मौज करता येईल अशी जागा कोठेच का नाही, असे त्याला तेथे वाटले. कोपनहेगनचे टिव्होली उद्यान १८४३ पासून चालत आलेले होते. तेही त्याने जाऊन पाहिले. पुढे १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइम येथे, संत्र्यांच्या बागा होत्या त्या १६० एकर जमिनीवर डिस्नेलँड उघडले. आपल्याकडच्या बागांकडे पाहा. घसरगुंडी मुलासाठी आणि पिशव्या आईसाठी, अशीच वाटणी असते. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ हा त्याला एक गोड अपवाद होय. तिच्या डब्यात मूल आणि बाप शेजारी-शेजारी बसतात. पण असे अपवाद आपण किती निर्माण केले? नगरपालिकांनी आणि महापालिकांनी या बाबतीत जी कंजुषी केली, तिच्यामुळेच खाजगी उद्यानांना आपल्याकडे एवढे गिऱ्हाईक मिळाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता किमतीकडे येऊ. सुरुवातीला डिस्नेलँडची पद्धत बरीचशी आपल्या जत्रेसारखीच होती. प्रौढांना प्रवेश एक डॉलर, मुलांना पन्नास सेंट, आणि आतल्या खेळांचे पैसे वेगळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिकिटांची पुस्तिका निघाली. प्रवेश आणि आठ खेळ मिळून प्रौढाला अडीच डॉलर. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन तेव्हा तासाला ७५ सेंट होते. म्हणजे तळाच्या मजुराने तीन तास वीस मिनिटे काम केले की त्याचा एक दिवस वसूल होई. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच उद्यानाने सर्वांत गर्दीच्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलरवर नेले. सर्वांत स्वस्त दिवसाचे तिकीट १०४ डॉलर राहिले. कॅलिफोर्नियाचे किमान वेतन त्या वेळी १६ डॉलर होते. तेव्हा तीन तास वीस मिनिटांच्या जागी स्वस्त दिवशी साडेसहा तास आणि महाग दिवशी जवळजवळ तेरा तास. शाळांना सुट्टी कधी असते हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि स्वस्त दिवस कधी येतात ते त्यावरून ताडता येईल. त्या दराने आईबाप आणि दहा वर्षांपुढची दोन मुले महागड्या दिवशी गेली तर दारातच ८२४ डॉलर मोजावे लागत. किमान वेतनावर हे ५१ तासांहून अधिक काम झाले. चाळीस तासांचा आठवडा धरला तर सव्वा आठवड्याची मजुरी. प्रवास, मुक्काम आणि जेवण अजून बाहेरच आहेत.

खेळ वाढले, यंत्रे वाढली, सुरक्षितता वाढली, तेव्हा दर वाढणारच, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. परंतु दराबरोबर पद्धतही बदलली, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. १९८२ मध्ये डिस्नेने सुट्या खेळांची तिकिटे बंद करून एकच सरसकट तिकीट ठेवले. आता तुमच्या घरातली आजी डोळ्यांसमोर आणा. तिचे गुडघे दुखतात, तिला उंचावरून कोसळणाऱ्या गाडीत बसायचे नाही. नातवंडांचे चेहरे पाहायचे आणि सावलीत बसायचे, एवढीच तिची इच्छा. जुन्या पद्धतीत तिला नुसता प्रवेश पुरला असता. नव्या पद्धतीत बाकावर बसण्याचेही तेवढेच पैसे पडतात. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला किंचित सूट आहे. वयोवृद्धांना मात्र सवलत नाही.

तरीही १९८२ नंतरच्या त्या सरसकट तिकिटात एक गोष्ट होती, जिच्यामुळे सामान्य माणूस ऐपतीबाहेरचे पैसेसुद्धा आनंदाने देई. दारातून एकदा आत गेले की पैशाचे राज्य बव्हंशी संपत असे. जेवणाच्या आणि खेळण्यांच्या दुकानात ते होतेच. पण पाळण्यापुढच्या रांगेत वकील, त्याचा कारकून आणि त्या कारकुनाच्या घरी रंग देणारा मजूर एकामागून एक उभे राहत. १९९९ मध्ये ‘फास्टपास’ नावाची सोय आली. खेळापाशी जाऊन वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि ठरलेल्या वेळी यायचे. तीही विनामूल्य होती, आणि जो आधी पोहोचेल त्याची होती.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडात ही सोय विकत मिळू लागली. आरंभी दर माणशी, दर दिवशी १५ डॉलर होता. २०२४ मध्ये तिचे नाव आणि नियम पुन्हा बदलले. कंपनीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी वेळा राखून ठेवता येतात, इतरांना तीन दिवस आधी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याहून वरचा एक परवाना निघाला. तो हातात असला की वेळही ठरवावी लागत नाही. मनात येईल तेव्हा वेगळ्या दाराने आत जावे. फ्लोरिडातील चार उद्यानांसाठी त्याचा दर आरंभी १२९ पासून ४४९ डॉलरपर्यंत जाहीर झाला. हाही दर माणशी, दर दिवशी, आणि मूळ तिकिटाच्या शिवाय.

यात नेमके काय विकले जाते, याचा जरा विचार करा. साखरेला चांगला भाव आला तर व्यापारी आणखी साखर आणतो, मालाची आवक वाढते. पाळण्यात ताशी किती माणसे बसणार हे यंत्राने ठरवून टाकलेले असते. परवाना विकल्याने एकही आसन वाढत नाही. पुढच्या दाराने शिरलेल्या प्रत्येकामागे मागच्या रांगेतला कोणीतरी तेवढाच अधिक वेळ तिष्ठतो, आणि त्याला त्याबद्दल कोणी भरपाई देत नाही. विकली जाते ती त्याची वेळ. पैसे जातात तिसऱ्याकडे. शिवाय रांग जितकी लांब, तितका तिच्यातून सुटण्याचा परवाना महाग खपणार! मग ती रांग आखूड करण्यात मालकाला कितीसे स्वारस्य उरेल?

यावर आपल्याकडचा माणूस सहज म्हणेल, की अहो, तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष दर्शन आहेच. देवापुढची रांग आपण विकली, तेथे मिकी माउसचे काय घेऊन बसलात? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मोठी माणसे दर्शनबारीत उभी राहतात ती श्रद्धेने, आणि तिष्ठण्याला ती तपही मानतात. सात वर्षांच्या मुलाला असे काही मानता येत नाही. आपल्याआधी ते दुसरे मूल का गेले, असे ते बापाला विचारते. आणि ज्याने सव्वा आठवड्याची मजुरी दारातच ओतलेली आहे त्या बापाला, मौजेसाठी आणलेल्या लेकराला, आपली ऐपत समजावून सांगावी लागते. घरी हे कधीतरी सांगावे लागणारच होते. ते न सांगावे लागणारा एक दिवस मिळावा म्हणूनच तर तो येथवर आला होता.

आत राबणाऱ्यांकडेही दोन शब्दांपुरते वळतो. २०१८ मध्ये डिस्नेलँडच्या सुमारे पाच हजार कामगारांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत जवळजवळ तीन-चतुर्थांश कामगारांनी पगारात मूलभूत खर्च भागत नाही असे सांगितले, आणि दहात एकाहून अधिक जणांवर मागील दोन वर्षांत केव्हा ना केव्हा बेघर होण्याची पाळी आली होती. त्यानंतर ॲनाहाइमच्या मतदारांनी वेतनवाढीचा ठराव संमत केला आणि कामगार संघटनांनी झगडून २०२४ च्या करारात किमान ताशी २४ डॉलर मिळवले. मिकीच्या पोशाखात घामाघूम होणाऱ्या कलावंतांनीही त्याच वर्षी मे महिन्यात संघटना करण्याच्या बाजूने कौल दिला. तिकीट महागले ते कामगारांमुळे, असे जे सर्रास बोलले जाते, ते या क्रमाशी ताडून पाहावे. दर कितीतरी आधीपासून चढत होते.

परंतु माझ्या मते या सहलीतली सर्वांत महाग वस्तू तिकीट नव्हे, रजा आहे. अमेरिकेत खाजगी नोकराला पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा आजही नाही. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली. लिओ लाग्रांज या मंत्र्याच्या खटपटीने सुट्टीवर जाणाऱ्या कामगारांना रेल्वेभाड्यात ४० टक्के सूट मिळाली, आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर उतरली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवसाची पगारी रजा दिली; कंत्राटी मजुराच्या हाती ती कितपत पडली हा वेगळा आणि कडवट विषय आहे. ज्याला वर्षात मोजकेच दिवस मिळतात, तो त्या दिवसांकडून अतोनात अपेक्षा करतो. सकाळी सातपासून मोबाइलवर खेळांच्या वेळा जुळवत, मुलांना हाताला धरून पळवत, वसुली करत तो हिंडतो. रजा भरपूर असलेल्या माणसाला डिस्नेलँडचा एक दिवस फुकट गेला तर हळहळ वाटते. ज्याची वर्षाची सारी रजा त्यात गेली, त्याचे वर्षच गेले. उद्यानाच्या मालकाला हे पक्के ठाऊक आहे, म्हणून तर घाई विकत घ्यायला माणूस तयार होतो.

आता त्या तिघांना द्यायचे उत्तर. माझ्या मते जावे. पण एक दिवस, फार तर दोन, आणि कर्ज काढून मुळीच नाही. मुले निदान सहा-सात वर्षांची होईपर्यंत थांबावे. त्याआधी ती बदकांच्या तळ्याकाठीही तितकीच खूश असतात. शाळा चालू असताना दोन दिवस बुडवणे शक्य असेल तर ते बुडवावेत. शिक्षकमंडळींनी मला क्षमा करावी, परंतु त्या दोन दिवसांत तिकीटही स्वस्त आणि रांगही आखूड. रांग ओलांडण्याचा परवाना घेऊ नये. तो घेतल्यावाचून दिवस साजरा होणार नाही अशी गर्दी असेल, तर तो दिवस जाण्यासारखा नाही असे खुशाल समजावे. आपल्याकडची उद्याने निघाली तेव्हा नमुना तिकडचाच होता. खोपोलीला जाणाऱ्यांनीही हाच हिशेब मांडून पाहावा.

आणि आजी-आजोबांनी पहिल्या दिवशी मुलांबरोबर अवश्य आत जावे, नातवंडांसोबत एखाद्या सौम्य खेळात बसावे, रात्रीचे दारूकाम पाहावे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्कामावरच राहावे. तिकिटाचे जे दीड-दोनशे डॉलर माणशी वाचतील, ते लेकीला परत न करता तिला म्हणावे, की यात तुझी आणखी एक दिवसाची बिनपगारी रजा बसते का पाहा. बसत असेल तर ती घे आणि त्या दिवशी आपण कोठेही जाऊ नये.