न उचललेला हात

"समजलं का?" हा गुरुजींचा प्रश्न आणि "हो सर!" हे वर्गाचं एकसुरी उत्तर आपण सर्वांनीच ऐकलं आहे, दिलंही आहे. माझ्या घरी दखनी बोलत, शाळा मात्र मराठी. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जायचं. एकदा हात वर करून "नाही समजलं" म्हणालो, तर वर्ग हसला. त्यानंतर तो हात दहावीपर्यंत वर गेला नाही.

हे आठवलं ते चाकणजवळच्या एका शाळेत. कविता वाचायला गेलो होतो. आधीचा तास गणिताचा, म्हणून मागच्या बाकावर बसलो. वर्गात कारखान्यांतल्या कामगारांची मुलं. कोणी लातूर-नांदेडकडची, कोणी बिहारची. बाईंनी प्रत्येकाला काळी नक्षी छापलेलं एक चौकोनी कार्ड दिलं. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. अक्षरं इतकी बारीक, की शेजाऱ्याला उत्तर कळत नाही. बाईंनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला आणि सर्वांची उत्तरं त्यात उमटली. 'प्लिकर्स' म्हणतात या पद्धतीला. मुलांकडे फोन असावा लागत नाही.

प्रश्न होता, एक-तृतीयांश मोठा की एक-चतुर्थांश? निम्म्याहून अधिक मुलं चुकली. तीनापेक्षा चार मोठे, म्हणून! बाई रागावल्या नाहीत, उत्तरही सांगितलं नाही. "शेजाऱ्याशी बोला," एवढंच म्हणाल्या. माझ्या पुढची मुलगी शेजारणीला म्हणाली, "रोटी तीन लोगों में बाँटी तो ज्यादा मिलेगी, या चार में?" दुसऱ्या वेळी बहुतेक कार्डं बरोबर फिरली.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून हीच रीत चालवली. आधी स्वतः उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. १९९७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे बटणांची यंत्रं आली. पण खरा जीव यंत्रात नाही, त्या चर्चेत आहे.

मोटारींच्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर 'अँडॉन'ची दोरी किंवा बटण असतं. ही टोयोटाची पद्धत. काही चुकतंय असं वाटलं की कामगारानं ती ओढायची. दिवा लागतो, मदतीला माणूस येतो, वेळ पडली तर लाइन थांबते. बापाला कारखान्यात जी दोरी मिळते, ती लेकराला वर्गात का मिळू नये?

मात्र चुकलेल्यांची नावं फळ्यावर झळकली, तर कार्डाचीही छडी होईल. त्या बाईंनी नावं स्वतःपुरतीच ठेवली.

मग माझी कविता झाली. सवयीनं मी विचारलं, "समजली का?" उत्तर आलं, "हो सर!" माझं मलाच हसू आलं. कवितेला काही चार पर्याय नसतात. म्हटलं, "न समजलेली एक ओळ शेजाऱ्याला सांगा." तेव्हा कुठे वर्गात कुजबुज सुरू झाली.