बारा माणसं, एक खोली आणि माझा चष्मा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘माझा छंद’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. छंद तुम्हाला ठाऊकच आहे. जुने, कृष्णधवल हॉलिवूडपट घरी बसून बघणं. कोपऱ्यावर डीव्हीडी लायब्ररी होती, तेव्हा दर शनिवारी तीस रुपये देऊन एक सिनेमा आणायचो. आमच्या सौ. म्हणायच्या, “गाणी नाहीत, मारामारी नाही, नुसते बोलतात काय हो?” पण घरी बघण्यात सोय असते. उच्चार कळले नाहीत तर खाली अक्षरं येतात आणि हवं तिथे थांबवता येतं. त्या थांबवण्याचीच गोष्ट आज सांगतो.

सिनेमा होता ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, १९५७ सालचा, सिडनी ल्युमेट यांचा पहिलाच. बासू चॅटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तीच गोष्ट. न्यूयॉर्कचा उन्हाळा, बंद पंखा, एका खोलीत बारा ज्यूरी. बापाच्या खुनाचा आरोप असलेला अठरा वर्षांचा पोरगा. दोषी ठरला तर मृत्युदंड. पहिल्याच मतदानात अकरा हात वर! एकाला तर मॅचला जायची घाई. एकटा हेन्री फोंडा म्हणतो, तो निर्दोष आहे असं नाही, पण आधी थोडं बोलू तरी.

शेवटाकडे एका साक्षीदार बाईचा मुद्दा निघतो. तिने म्हणे रात्री अंथरुणातून समोरच्या खिडकीतला खून पाहिला. एका ज्यूरीला आठवतं, तिच्या नाकावर चष्म्याचे वण होते. झोपताना चष्मा कोण लावतं?

मी रिमोट दाबला. पुढे बघवेना.

सोसायटीच्या सहाव्या वर्षी पंपाची मोटर चोरीला गेली होती, जुन्या मंडळींना आठवत असेल. रात्री अडीचला उठलो तेव्हा गॅलरीतून आपल्या वॉचमनला पोतं नेताना पाहिलं, असं कमिटीत मीच सांगितलं होतं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्याला आत बोलावलंही नाही. दहा मिनिटांत सगळे हात वर. दुसऱ्या दिवशी तो बायको-पोरांसह ट्रंक घेऊन निघाला. जाताना म्हणाला, “काका, मी नव्हतो हो.”

माझा नंबर उणे साडेचार. रात्री उठलो की चष्मा उशाशीच राहतो. मी एक माणूस पाहिला होता, एवढंच खरं. तो वॉचमन, हे मी जोडलं.

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींना सगळं सांगितलं. वॉचमनच्या गावी पत्र टाकलं, ते परत आलं. तो चोर नव्हता, असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण तो चोर होता, हे मला कधीच माहीत नव्हतं.

‘ज्याच्याबद्दल तक्रार, त्याला समोर बसवून ऐकायचं’ हा ठराव मी वार्षिक सभेत का मांडला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं होतं. उत्तर द्यायला आजचा दिवस लागला.

स्मरणिकेतल्या जुन्या सेवकांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. माझ्या विनंतीवरून संपादक मंडळाने ते घातलं, त्यांचे आभार.

लायब्ररी बंद झाली तेव्हा ती डीव्हीडी मी विकत घेतली. हवी त्यांनी जरूर न्यावी, फक्त परत आणून द्यावी!