औषधाचा जड जुळा भाऊ



रुग्णाच्या रक्तात औषध किती उतरलं, हे मोजणं हा माझा रोजचा व्यवसाय. या कामातल्या एका मूक साक्षीदाराची आज ओळख करून देतो.

लिनेझोलिड हे प्रतिजैविक, इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारातही ते आहे. रक्तात ते कमी पडलं तर जंतू टिकून राहतात; जास्त झालं तर रक्तपेशी घटतात, हातापायांच्या नसांना इजा होते. त्यामुळे मोजमापात चूक परवडत नाही.

एकदा एका नमुन्यात औषधाचा संकेत अपेक्षेच्या निम्माच आला. तेवढ्यावर विसंबलो असतो तर 'औषध कमी पडतंय' असा अहवाल गेला असता आणि कदाचित रुग्णाची मात्रा वाढली असती. पण नळीतल्या त्या नमुन्यात आम्ही 'जड' लिनेझोलिड आधीच मोजून मिसळलं होतं. त्याचाही संकेत निम्माच होता! म्हणजे औषध कमी नव्हतं. रक्तातल्या स्निग्ध पदार्थांनी दोघांचेही संकेत दाबले होते. दोघांचं गुणोत्तर काढलं, तेव्हा प्रमाण योग्य निघालं.

हा जड जुळा तयार होतो ड्युटेरियममुळे. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ साली शोधलेला हा हायड्रोजनचाच भाऊ. केंद्रात एक न्यूट्रॉन जास्त, एवढाच फरक. या शोधासाठी त्यांना १९३४चं नोबेल मिळालं. साध्या पाण्यातही सुमारे साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक ड्युटेरियम असतो. आपल्या अलिबागजवळच्या थळ इथे जड पाण्याचा कारखाना आहे, तो याच ड्युटेरियमसाठी.

लिनेझोलिडमधल्या तीन हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवले, की रेणुभार ३३७चा ३४० होतो. वागणूक जवळजवळ तीच, पण वजनाने रेणू ओळखणाऱ्या यंत्राला दोघे वेगळे दिसतात. जुळ्यांपैकी एकाच्या मनगटाला घड्याळ बांधावं, तसं. पथ्य एकच: ही खूण कार्बनवर हवी. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनवर असली तर पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल होऊन ती पुसली जाते.

रुग्णाला या जुळ्याचा पत्ताही नसतो. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, एवढंच त्याला कळतं. त्या दिवशी ती तशीच ठेवणं बरोबर होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)