टॉमकाकांची दोन रूपे



हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि वर्षभरात अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. पळालेल्या गुलामांना पकडून देण्यास उत्तरेकडील नागरिकांनाही भाग पाडणाऱ्या १८५० च्या कायद्याने ही लेखणी पेटविली होती. दक्षिणेने उत्तरादाखल कादंबऱ्यांची रांग लावली. त्या आज कोणी वाचीत नाही. (लिंकन यांच्या तोंडी घातले जाणारे प्रसिद्ध उद्गार मात्र भरवशाच्या पुराव्यावाचूनचे आहेत, हे जाता जाता सांगतो.)

ग्रंथाचा खरा घात केला रंगभूमीने. नाट्यरूपांतरांवर लेखिकेचा कायदेशीर ताबा नव्हता. ग्रंथातील टॉम हा रुंद छातीचा, धट्टाकट्टा, तीन लहान मुलांचा बाप. रंगमंचावर त्याचा हळूहळू मालकापुढे वाकणारा म्हातारा झाला, आणि पुढे कृष्णवर्णीय समाजातच ते नाव शिवी ठरले. मूळचा टॉम पळालेल्या दोन गुलाम स्त्रियांचा ठावठिकाणा सांगत नाही आणि त्यापायी मार खाऊन मरतो. याला लाचारी कोण म्हणेल?

तरीही कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ साली घेतलेला आक्षेप मला खोडून काढता येत नाही: या अश्रुपूर्ण करुणेत टॉमचे माणूसपणच हिरावले जाते. मात्र याच बाल्डविन यांनी बालपणी ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली होती.